त्याग कोणाचा? : निष्काम कर्ममठाच्या पार्श्वभूमीवर स्वार्थ-परार्थ विवेकाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

स्वार्थ आणि परार्थ यांचे द्वंद्व हा नीतिशास्त्राच्या इतिहासातील एक मूलभूत प्रश्न मानला जातो. मनुष्य स्वभावतःच स्वार्थी आहे काय, दुसऱ्यासाठी केलेल्या त्यागातही सूक्ष्म स्वरूपाचा स्वार्थ दडलेला असतो काय, आणि प्रेम खऱ्या अर्थाने निरपेक्ष असू शकते काय, या प्रश्नांची चर्चा प्राचीन काळापासून चालत आलेली आहे. या चर्चेत सामान्यतः दोनच पक्ष गृहीत धरले जातात. एक त्याग करणारा आणि दुसरा त्या त्यागाचा लाभ घेणारा. परंतु प्रत्यक्ष जीवनात त्याग करणारी व्यक्ती एकटी नसते. तिच्याशी प्रेमाच्या व कर्तव्याच्या नात्याने बांधलेली माणसे असतात आणि त्यागाची किंमत बहुधा त्यांनाही मोजावी लागते. हा तिसरा पक्ष नीतिशास्त्रीय विवेचनात क्वचितच दिसतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात स्वार्थत्यागाच्या तत्त्वावर अनेक संस्था उभ्या राहिल्या. त्यांचा इतिहास हा प्रामुख्याने संस्थापकांच्या त्यागाचा इतिहास म्हणून लिहिला गेला. प्रस्तुत लेखात डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील त्यागविषयक वाद आणि महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८-१९६२) यांचे कार्य यांच्या आधारे या तिसऱ्या पक्षाचा विचार केला आहे. कर्वे यांच्या सहधर्मचारिणी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे अनुभव या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहेत. दुसऱ्याच्या वाट्याचे जे आहे ते अर्पण करण्यास आत्मत्याग म्हणता येईल काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

१. वैचारिक पार्श्वभूमी

परार्थवाद या अर्थाची युरोपीय संज्ञा फ्रेंच विचारवंत ऑग्युस्त कोंत याने १८५० नंतरच्या दशकात रूढ केली. इतरांसाठी जगणे हेच नीतीचे सार, अशी त्याची भूमिका होती. इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिल याने उपयुक्ततावादाची मांडणी करताना त्यागाला स्वतंत्र नैतिक मूल्य देण्याचे नाकारले. ज्या त्यागाने जगातील सुखाची एकूण बेरीज वाढत नाही तो त्याग व्यर्थ होय, असे त्याचे मत होते. त्याचबरोबर सुखाचा हिशेब करताना कर्त्याचे स्वतःचे सुख आणि इतरांचे सुख यांना सारखेच वजन द्यावे, असा निःपक्षपातीपणाचा आग्रहही त्याने धरला. हेन्री सिज्विक याने १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्वहिताची प्रेरणा आणि सर्वहिताची प्रेरणा या दोन्ही विवेकसंमत असल्याचे दाखवून त्यांचा पूर्ण मेळ घालणे तर्काने शक्य नसल्याची कबुली दिली.

हर्बर्ट स्पेन्सर याचा नीतिशास्त्राच्या मूलतत्त्वांवरील ग्रंथ १८७९ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्वार्थवाद विरुद्ध परार्थवाद आणि परार्थवाद विरुद्ध स्वार्थवाद अशा दोन्ही बाजू स्वतंत्र प्रकरणांत मांडून अखेरीस त्यांच्या समन्वयाचा प्रयत्न केलेला आहे. स्पेन्सरचे एक निरीक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मर्यादेबाहेरचा परार्थ हा शेवटी परार्थाचीच हानी करतो. कारण तो त्याग करणाऱ्याची शक्ती क्षीण करतो आणि सतत त्याग स्वीकारणाऱ्यांना स्वार्थी बनवतो, असे त्याचे प्रतिपादन होते.

हे विचार पुण्याला अपरिचित नव्हते. डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण पिढीने मिल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ आवडीने वाचले होते. गोपाळ गणेश आगरकर यांच्या विचारांवर या दोघांचा ठसा स्पष्ट दिसतो. लोकमान्य टिळकांनी पुढे १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त आधिभौतिक सुखवादाचा परामर्श घेताना केवळ स्वार्थी, दूरदर्शी स्वार्थी आणि परार्थी अशा पायऱ्यांची सविस्तर चिकित्सा केली. बृहदारण्यकोपनिषदातील याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवादात सर्व प्रिय वस्तू आत्म्यासाठीच प्रिय होतात असे जे सांगितले आहे, त्याचा अर्थ संकुचित स्वार्थ असा नसून सर्वांभूती एकच असलेला आत्मा असा घेतला पाहिजे, हा त्यांच्या विवेचनातील एक महत्त्वाचा मुद्दा होय. वामन मल्हार जोशी यांचा ‘नीतिशास्त्रप्रवेश’ १९१९ साली प्रसिद्ध झाला. कर्वे यांच्या हिंगणे येथील शिक्षणकार्याशी जोशी यांचा निकटचा संबंध होता, ही गोष्ट येथे नमूद करण्यासारखी आहे. तात्पर्य, स्वार्थत्याग हा त्या काळच्या पुण्यात जसा चर्चेचा विषय होता तसाच तो आचरणाचाही विषय होता.

२. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील वाद

विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व त्यांचे सहकारी यांनी १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना केली. पुढे २४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ च्या आरंभी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. सोसायटीच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करावी, असा संकेत होता. महिना सुमारे ७५ रुपये हे ते वेतन होते. सरकारी नोकरीत याहून कितीतरी अधिक वेतन मिळू शकणाऱ्या पदवीधरांनी ते स्वीकारले, हा त्या पिढीच्या ध्येयनिष्ठेचा पुरावाच होय.

तथापि त्यागाची मर्यादा कोणती, या प्रश्नावर सदस्यांत लवकरच तीव्र मतभेद झाले. जेझुइट धर्मसंघाच्या धर्तीवर सदस्यांनी आपला सर्व वेळ व सर्व शक्ती संस्थेस द्यावी आणि बाहेरील प्राप्तीचा मोह धरू नये, अशी टिळकांची भूमिका होती. उलट संस्थेचे काम चोख बजावल्यानंतर उरलेला वेळ कसा घालवावा हे ज्याचे त्याने ठरवावे, असे आगरकर व गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पक्षाचे म्हणणे होते. प्रपंचाच्या वाढत्या गरजांसाठी वेतनात वाढ असावी की नाही, हाही वादाचा एक विषय होता. या मतभेदांची परिणती टिळकांच्या राजीनाम्यात झाली. १५ डिसेंबर १८९० च्या विस्तृत पत्रात त्यांनी आपली बाजू मांडली आहे.

या वादाकडे बहुधा व्यक्तिमत्त्वांचा अथवा राजकीय-सामाजिक मतांचा संघर्ष म्हणून पाहिले जाते. त्यात तथ्य आहेच. परंतु नीतिशास्त्राच्या दृष्टीने पाहता त्याच्या मुळाशी एक वेगळा प्रश्न होता. त्यागी पुरुषाच्या कुटुंबाचा त्याच्यावरील हक्क कितपत मानावयाचा, हा तो प्रश्न होय. टिळकांच्या भूमिकेत तत्त्वाची सुसंगती होती. परंतु जेझुइट साधू अविवाहित असतो आणि सोसायटीचे सदस्य गृहस्थाश्रमी होते, हा भेद त्या तुलनेत लुप्त झाला होता. संन्याशाचे दारिद्र्य हे त्याचे स्वतःचे असते. गृहस्थाचे दारिद्र्य हे घरातील सर्वांचे असते.

आगरकरांनी विद्यार्थिदशेत आपल्या मातोश्रींना लिहिलेले पत्र महाराष्ट्रात सुप्रसिद्ध आहे. मोठ्या पगाराच्या नोकरीची आशा न धरण्याविषयी त्यांनी त्यात मातेला विनविले आहे. हे पत्र त्यागाचा आदर्श म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले आणि ते योग्यही आहे. परंतु त्यातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. मुलाच्या शिक्षणासाठी ज्या घराने कष्ट सोसले त्या घराला निर्णय कळविण्यात आला. त्याचे मत मात्र विचारण्यात आले नव्हते. तरीही आगरकरांनी तो कळविण्याची आवश्यकता मानली, म्हणजे मातेचा आपल्यावरील हक्क त्यांनी नाकारला नव्हता. त्या काळच्या पार्श्वभूमीवर हा विवेकही दुर्मीळच म्हणावा लागेल.

३. कर्वे यांचे कार्य आणि निष्काम कर्ममठ

टिळकांच्या निर्गमनानंतर फर्ग्युसन कॉलेजातील गणिताची जागा १८९१ साली धोंडो केशव कर्वे यांनी स्वीकारली. त्याच वर्षी त्यांची प्रथम पत्नी राधाबाई यांचे निधन झाले होते. पुनर्विवाह करावयाचा तर विधवेशीच, असा निश्चय करून त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई यांच्याशी विवाह केला. गोदूबाई या कर्वे यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी होत. बालवयातच त्यांना वैधव्य आले होते आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ साली स्थापन केलेल्या शारदा सदनात त्या शिकल्या होत्या. विवाहानंतर त्यांचे नाव आनंदीबाई झाले आणि पुढे त्या बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे मुरूड या कर्वे यांच्या मूळ गावी उभयतांना बहिष्कार सोसावा लागला.

१८९६ साली कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. १९०० साली आश्रम पुण्याबाहेर हिंगणे येथे गेला. कॉलेजातील अध्यापन आटोपल्यावर कर्वे पायी हिंगण्यास जात व तेथील कामे पाहत. १९०७ साली महिला विद्यालय आणि १९०८ साली निष्काम कर्ममठ स्थापन झाला. या संस्थांना आजन्म वाहून घेणारे कार्यकर्ते मिळावेत, हा मठाचा हेतू होता. पुढे १९१६ साली महिला विद्यापीठाची स्थापना झाली आणि १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लक्ष रुपयांच्या देणगीने त्यास स्थैर्य आले.

मठाची कल्पना गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाशी मिळतीजुळती होती. त्या समाजाच्या सात प्रतिज्ञांपैकी एक अशी होती की, संस्था स्वतःसाठी व कुटुंबासाठी जी तरतूद करील तीत सदस्याने समाधान मानावे. या प्रतिज्ञेचा बारकाईने विचार करण्याजोगा आहे. कुटुंबाची तरतूद हा विषय तीत स्पष्टपणे आला आहे, हे तिचे वैशिष्ट्य होय. परंतु प्रतिज्ञा घेणारा एक आणि समाधान मानावे लागणारे अनेक, अशी तिची रचना होती.

मठाच्या नावातील ‘निष्काम’ हा शब्द गीतेतील कर्मयोगाकडे निर्देश करतो. कर्मफलाची आसक्ती सोडून कर्म करावे, हा त्या तत्त्वाचा गाभा होय. मात्र फलत्यागाच्या या तत्त्वात एक गोष्ट अनुस्यूत आहे. मनुष्य स्वतःला मिळणाऱ्या फळाचाच त्याग करू शकतो. दुसऱ्याच्या वाट्याचे फळ सोडून देण्याचा अधिकार त्याला नसतो.

४. बाया कर्वे : त्यागाची दुसरी बाजू

कर्वे यांनी आपली शिल्लक व प्राप्ती आश्रमाच्या कामी लावली, ही गोष्ट सर्वपरिचित आहे. त्यांनी आपल्या आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमास अर्पण केली. अल्पवेतनी आजीव सदस्याच्या संसारात आयुर्विम्याचे स्थान काय असते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. विम्याची रक्कम विमेदाराच्या हयातीत त्याच्या उपयोगाची नसते. ती त्याच्या पश्चात पत्नी व मुले यांच्यासाठी असते. त्यात बाया कर्वे या पुनर्विवाहित होत्या. एकदा वैधव्य भोगलेल्या स्त्रीला पुन्हा ते प्राप्त झाले तर सासर, माहेर अथवा गाव यांपैकी कोणाचाही भरवसा नव्हता. विमा हाच त्यांच्या व मुलांच्या भवितव्याचा आधार होता. अशा स्थितीत त्यांनी या निर्णयाबद्दल दुःख व संताप व्यक्त केला, तर त्यास स्वार्थ म्हणता येणार नाही.

बाया कर्वे यांचे आत्मकथन ‘माझे पुराण’ या नावाने १९४४ साली प्रसिद्ध झाले. स्त्रियांच्या मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान वेगळे आहे. त्यात पतीविषयी आदर आहे आणि तक्रारही आहे. पुनर्विवाहाच्या चळवळीशी आश्रमाचा संबंध जोडला गेल्यास समाजाची सहानुभूती आटेल, या भीतीने आश्रम त्या चळवळीपासून अलिप्त ठेवण्यात आला होता. त्याचा परिणाम असा झाला की, विधवांच्या उद्धारासाठी काढलेल्या संस्थेत संस्थापकाच्या पुनर्विवाहित पत्नीलाच अंतरावर ठेवले गेले. ज्या विवाहाने कर्वे यांच्या सामाजिक कार्याला आरंभ झाला त्या विवाहाचीच बाधा आश्रमाला होऊ नये, ही व्यवस्था धोरण म्हणून समजण्यासारखी असली तरी तिची किंमत एकाच व्यक्तीने मोजली.

तरीही बाया कर्वे निष्क्रिय राहिल्या नाहीत. प्रसूतिपरिचर्येचे शिक्षण घेऊन त्यांनी संसारास हातभार लावला, मुलांचे संगोपन केले आणि आश्रमाच्या कार्याविषयी आस्था बाळगली. कर्वे यांच्या ध्येयाला त्यांचा विरोध नव्हता. ज्या निर्णयांचे परिणाम आपल्याला भोगावयाचे आहेत त्या निर्णयांत आपणास विचारले जावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. प्रेमात त्याग असतोच. परंतु तो मागून घ्यावयाचा नसतो आणि गृहीत तर मुळीच धरावयाचा नसतो, हे त्यांच्या अनुभवाचे सार म्हणता येईल.

५. दोन भगिनी

पार्वतीबाई आठवले (१८७०-१९५५) या बाया कर्वे यांच्या धाकट्या भगिनी. वैधव्यानंतर त्या आश्रमात आल्या, तेथे शिकल्या आणि पुढे आश्रमाच्या प्रमुख कार्यकर्त्या झाल्या. वर्गणी जमविण्यासाठी त्यांनी दूरदूरचे प्रवास केले. उतारवयाकडे झुकत असताना त्या अमेरिकेस गेल्या व तेथे घरकामासारखी कष्टाची कामेही त्यांनी केली. त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र १९२८ साली प्रसिद्ध झाले.

या दोन भगिनींची तुलना उद्बोधक आहे. कष्टाच्या प्रमाणात पाहता कोणाचा त्याग मोठा हे ठरविणे अवघड आहे आणि तसे करण्याचे कारणही नाही. परंतु पार्वतीबाईंनी कार्य स्वतः निवडले. त्यांचा त्याग त्यांच्या नावावर नोंदला गेला आणि त्यातून त्यांना सार्वजनिक जीवनात प्रतिष्ठा लाभली. बाया कर्वे यांचा त्याग पतीच्या निर्णयाचा उपपरिणाम होता. तो पतीच्या नावावर जमा झाला आणि त्याविषयी केलेली तक्रार मात्र त्यांच्या स्वतःच्या नावावर राहिली. एकीचा त्याग आत्मत्याग ठरला आणि दुसरीचा त्याग संसारातील नित्याची ओढाताण ठरला. या भेदाचे मूळ त्यागाच्या परिमाणात नसून संमतीत आहे.

६. शास्त्रविचार आणि संमतीचे तत्त्व

संमतीचा व न्यायाचा हा विचार केवळ आधुनिक आहे, असे मानण्याचे कारण नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायातील दत्ताप्रदानिक प्रकरणात दानाच्या मर्यादा सांगितल्या आहेत. कुटुंबाच्या पोषणास बाध न येईल एवढेच स्वतःचे धन द्यावे आणि संतती असताना सर्वस्व देऊ नये, असा तेथील नियम आहे. या स्मृतीवरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही टीका मुंबई इलाख्यातील हिंदू कायद्याचा एक प्रमुख आधार होती. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायातही स्वजन दुःखात असताना परक्यांना दान करणाऱ्याचा धर्म हा धर्माचा केवळ आभास होय, असे म्हटले आहे. तो आरंभी मधुर आणि परिणामी विषासमान असतो, अशी त्यावर टीका आहे.

याच स्मृतींनी स्त्रीचे स्वातंत्र्य अनेक अंगांनी नाकारले, हे विसरता येत नाही. परंतु दान देणाऱ्याच्या औदार्याला कुटुंबाच्या हक्काची मर्यादा असते, हे त्यांना मान्य होते. नवसुशिक्षित सुधारकांनी संन्यासाचा आदर्श गृहस्थाश्रमात आणला तेव्हा ही मर्यादा विस्मृतीत गेली. मिलच्या कसोटीनेही हाच निष्कर्ष निघतो. हजारो स्त्रियांना शिक्षण मिळाले हे सुख जसे हिशेबात धरावयाचे तसेच घरातील स्त्रीचे दुःखही त्याच हिशेबात धरावयाचे असते. ती घरची म्हणून तिचे दुःख वगळता येत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्त्रियांच्या नैतिक विकासाची जी मांडणी केली तीही येथे उपयुक्त ठरते. केवळ स्वतःचा विचार ही पहिली, स्वतःला विसरून इतरांचा विचार ही दुसरी आणि ज्यांची काळजी घ्यावयाची त्यांत स्वतःलाही स्थान देणे ही तिसरी अवस्था होय. आत्मविलोप ही नीतीची परमावधी नसून मधली पायरी आहे, हे त्यातून सूचित होते. बाया कर्वे यांचे आत्मकथन या तिसऱ्या अवस्थेची साक्ष देते.

७. एक आक्षेप

असा आक्षेप घेता येईल की, घरच्यांची संमती घेत बसले असते तर या संस्था उभ्याच राहिल्या नसत्या. हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. कर्वे यांना बहिष्कृत अवस्थेत, तुटपुंज्या साधनांनिशी काम करावे लागले. त्यांनी स्वतःच्या देहाला व सुखाला कधीच सवलत दिली नाही. त्यांच्या कार्याने असंख्य स्त्रियांचे जीवन बदलले, हे निर्विवाद आहे. परंतु संमती मागितली असती तर नकारच मिळाला असता, हे गृहीतक बाया कर्वे यांच्यावर अन्याय करणारे आहे. पुनर्विवाहाचे धाडस ज्या स्त्रीने स्वीकारले, बहिष्कार ज्या स्त्रीने सोसला, ती विश्वासात घेतल्यावर मागे हटली असती, असे मानण्यास आधार नाही. कार्याची महत्ता मान्य करूनही त्याची किंमत कोणी मोजली हे सांगणे, हे इतिहासलेखकाचे कर्तव्य आहे. त्याने कार्य लहान होत नाही. त्यातील सहभागी व्यक्तींची संख्या मात्र वाढते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) स्वार्थ व परार्थ या दोन संज्ञांनी प्रेमातील व गृहस्थजीवनातील नैतिक प्रश्नांचा पूर्ण उलगडा होत नाही. जे दिले जाते त्यावर कोणाचा हक्क आहे, हा प्रश्न त्याआधी विचारावा लागतो.

२) आत्मत्यागाची संज्ञा स्वतःच्या वाट्याच्या सुखाच्या त्यागालाच लागू पडते. जे दोघांचे आहे ते एकाने अर्पण केले, तर त्यातील अर्धा त्याग दुसऱ्याचा असतो आणि तो संमतीवाचून घडला असल्यास त्यास त्याग न म्हणता हानी म्हणणे अधिक योग्य होय.

३) अशा हानीविषयी केलेली तक्रार स्वार्थात जमा होत नाही. ती न्यायाची मागणी असते.

४) महाराष्ट्रातील शैक्षणिक व सामाजिक संस्थांचा इतिहास संस्थांच्या अहवालांवरून व संस्थापकांच्या चरित्रांवरून लिहिला जातो. त्याच्या जोडीला ‘माझे पुराण’सारखी आत्मकथने, घरगुती पत्रव्यवहार व जमाखर्चाच्या वह्या यांचा साधने म्हणून उपयोग केल्यास त्या इतिहासाला पूर्णता येईल.

अल्प वेतनावर आयुष्य वेचणाऱ्या प्राध्यापकांची परंपरा ही महाराष्ट्रातील महाविद्यालयांची अभिमानास्पद परंपरा आहे. त्या प्राध्यापकांच्या तसबिरी महाविद्यालयांच्या सभागृहांत लागल्या. महिनाअखेरीस त्याच ७५ रुपयांत घर चालविणाऱ्या स्त्रियांची नावे मात्र बहुतेक ठिकाणी नोंदलेली नाहीत. निष्काम कर्माचा आदर्श खऱ्या अर्थाने सांगावयाचा असेल, तर त्या नावांचा शोध घेणे हे त्याचे पहिले अंग ठरेल.